मशीनवर अदृश्य हेम घालताना सुलट बाजूला टाके का दिसतात?

कातरवेळ

नमस्कार मंडळी,

गेला आठवडाभर एकाच पँटच्या मागे लागले आहे, म्हणून शेवटी हा चर्चेचा धागा काढला.

लोकरमिश्रित राखाडी कापडाची पँट आहे. लांबी कमी करून खाली ४ सेंमीची दुमड ठेवायची आहे आणि बाहेरून एकही टाका दिसू नये अशी इच्छा आहे. मशीनवर ब्लाइंड हेमचा, म्हणजे अदृश्य हेमचा, टाका आहे (चित्रात सरळ रेषा आणि मध्येच एक व्ही), त्याचा फूटही (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) खोक्यात होता. पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे घडी घातली आणि एक पाय शिवला.

सुलट बाजूला बघते तर सेंटीमीटर-सेंटीमीटरवर दोऱ्याचा एकेक ठिपका. शिवाय प्रत्येक ठिपक्याशी कापड आत ओढल्यासारखं झालंय, अगदी खळी पडल्यासारखं. उसवलं, पुन्हा शिवलं. तेच. तिसऱ्यांदा टाका अरुंद केला, तर निम्म्या ठिकाणी सुईने कापड पकडलंच नाही आणि दुमड लोंबायला लागली.

सुई ९० नंबरची आहे, दोरा साधा पॉलिएस्टर, रंग कापडाशी बऱ्यापैकी जुळणारा. शिवण्याआधी सगळ्या घड्या इस्त्रीने कडक बसवून घेतल्या होत्या.

विचारायचं हे की माझं नेमकं चुकतंय कुठे? घरच्या मशीनवर हे खरंच अदृश्य होतं का, की सरळ सुई-दोरा घेऊन हाताने हेम घालावं? ज्यांनी केलंय त्यांनी जरूर लिहा.

धावदोरा

हाताने घाला. दोन पायांना पाऊण तास लागतो आणि मन शांत होतं. :)

उसवण

वाचतेय. माझेही हेच ठिपके, फक्त पडद्यांवर.

टीपकागद

कातरवेळ, तू सगळं इतकं नीट लिहिलं आहेस की चूक शोधायला वेळच लागला नाही. तीन गोष्टी दिसतात आणि तिन्ही एकमेकींत अडकलेल्या आहेत.

पहिली, सुई. ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिमी. ७० म्हणजे ०.७०. सुईवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. अदृश्य हेमात सुईने घडीच्या कडेचे एक किंवा दोनच धागे उचलायचे असतात. जाड सुई तिथे दोनाऐवजी चार धागे बाजूला सारते आणि तेवढंच मोठं भोक ठेवते. तुझ्या कापडाला ७० किंवा ७५ लाव.

दुसरी, इस्त्री. सगळ्या घड्या कडक बसवल्या असं लिहिलंस, तिथे मी थांबले. पहिली घडी, म्हणजे दुमड, इस्त्रीने जरूर बसवायची. पण दुमड परत मागे वळवताना जी दुसरी घडी पडते, ती कधीही इस्त्री करायची नाही. ती फक्त शिवण्यापुरती घडी आहे. ती कडक केलीस तर शिवून उघडल्यावर तिची रेघ बाहेरून दिसत राहते, आणि त्या रेघेवर ठिपके आले की नजर बरोबर तिथेच जाते.

तिसरी, ताण. ठिपक्याशी खळी पडतेय म्हणजे वरचा दोरा फार ओढतोय. वरचा ताण एक-दीड आकड्याने कमी कर. हेम हा काही वजन पेलणारा जोड नाही, टाका जरा ढिलाच बरा.

टाका अरुंद केल्यावर कापड सुटलं ते वेगळ्या कारणाने. तुझी घडी फुटाच्या पट्टीला टेकून चालत नसावी. घडी अर्धा मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाली तरी एका ठिकाणी सुई चार धागे घेते आणि पुढच्या ठिकाणी एकही नाही. म्हणून रुंदी कमीजास्त करून फरक पडला नाही.

कातरवेळ

टीपकागदताई, इस्त्रीचं कुणीच सांगितलं नव्हतं! मी तर दुसरी घडी जास्तच कडक बसवली होती, चालवायला सोपी जाईल म्हणून.

फूटच्या पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगाल का? माझ्या फुटावर मधोमध एक धातूची उभी पट्टी आहे आणि बाजूला एक बारीक स्क्रू.

टीपकागद

सांगते. आधी घडी, कारण नव्वद टक्के गोंधळ तिथेच होतो.

कापड उलट बाजू वर करून समोर ठेव. दुमड वर वळवलेली आहे, टाचण्या लावलेल्या आहेत. आता ती अख्खी दुमड कापडाच्या खाली, सुलट बाजूकडे वळव. पूर्ण नाही, तिची वरची कड ५-६ मिमी उजवीकडे बाहेर डोकावली पाहिजे. म्हणजे समोर काय दिसतं? डावीकडे पँटचं सगळं कापड, मग एक मऊ घडी, आणि घडीच्या उजवीकडे ५-६ मिमीची एकेरी कड.

हे असंच फुटाखाली सरकवायचं. सुई तीन-चार सरळ टाके त्या उजवीकडच्या कडेवर घालते, ते आतच राहणार असल्याने कुणाला दिसत नाहीत. मग एकदा डावीकडे उडी मारते, घडीचा टोकाचा धागा उचलते आणि परत उजवीकडे येते. बाहेरून दिसला तर फक्त तो उडीचा टाका दिसतो. बाकी काही नाही.

धातूची पट्टी त्या मऊ घडीला टेकून चालली पाहिजे. स्क्रू फिरवला की पट्टी डावी-उजवीकडे सरकते. हाताने चाक फिरवून सुई डावीकडच्या उडीला आण आणि खाली उतरवून बघ, ती घडीत किती आत शिरतेय ते. केसभर शिरली पाहिजे. जास्त शिरत असेल तर स्क्रूने पट्टी डावीकडे घे, म्हणजे घडी सुईपासून लांब जाईल. अजिबात शिरत नसेल तर उलट.

आणि हे सगळं त्याच कापडाच्या कापलेल्या तुकड्यावर. लांबी कमी केलीस म्हणजे तुकडे उरलेच असतील, ते फेकले नसशील अशी आशा आहे.

काजबटण

टीपकागदताईंनी मूळ सगळं सांगितलंय. मी बरीच वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काढली, तिथलं थोडं लिहितो.

कारखान्यात हेमसाठी घरच्यासारखं मशीन वापरत नाहीत. वेगळं ब्लाइंडस्टिच मशीन असतं आणि त्याची सुई सरळ नसते, धनुष्यासारखी वाकडी असते. ती वरून खाली जात नाही, बाजूने झुलत येते, कापडाला अलगद खरवडल्यासारखी स्पर्शून पलीकडे निघते. खालून एक गोल भाग कापडाला किंचित वर ढकलत असतो, आणि तो किती ढकलतो यावर सुई किती खोल जाणार ते ठरतं. त्यामुळे जाड कापडात सुई कापडाच्या अर्ध्या जाडीतूनच जाते, सुलट बाजूला येतच नाही. घरच्या मशीनची सुई सरळ उभी खाली उतरते, त्यामुळे तिने घडी पकडली की थोडं तरी बाहेर दिसणारच. म्हणून मी म्हणेन की घरच्या मशीनवर अदृश्य म्हणजे हातभर अंतरावरून न दिसणारं. नाकाशी धरून शोधलं तर सापडेल, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

पण घरच्या मशीनचं हेम एका बाबतीत सरस आहे. त्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा असे दोन असतात, एकमेकांत अडकलेले. कारखान्याच्या मशीनवर एकच दोरा साखळी घालत जातो. मानक वर्गीकरणात त्याला १०३ क्रमांकाचा टाका म्हणतात. साखळीचं शेवटचं टोक सुटलं आणि ओढलं गेलं की सगळं सर्रकन उसवतं.

सुलट_बाजू

काका, आत्ता कळलं! नव्या पँटमध्ये जिना उतरताना पायाचा अंगठा दुमडीत अडकला आणि एका झटक्यात अख्खा घेर खाली आला होता. हातात लांबलचक एकच दोरा, कुठेही न तुटलेला. तेव्हा मला वाटलं शिवणाऱ्याने कामचुकारपणा केला.

काजबटण

कामचुकारपणा नाही, टाक्याचा स्वभावच तसा. नवीन पँट आणली की दुमडीच्या आत बघा, बहुधा आतल्या मांडीच्या शिवणीजवळ दोऱ्याचं टोक असतं. शेवटच्या फासातून सुईने ते टोक ओवून दोन बारीक टाके घालून बंद करा. एका मिनिटाचं काम आहे.

याच स्वभावाचा फायदाही होतो. दुमड सोडायची असेल तर बरोबर टोकाने ओढायचं, ब्लेड लावायची गरज नाही. चुकीच्या टोकाने ओढलंत तर मात्र दर टाक्याला गाठ बसते.

अनुस्वार

प्रश्न बाळबोध असेल, पण "लपलेली शिवण" म्हटलं की मला फ्रेंच शिवण आठवते. तीच का ही?

टीपकागद

नाही, पण प्रश्न योग्य आहे, कारण दोन्हींना लोक "लपलेली"च म्हणतात.

फ्रेंच शिवणीत कापडाची कच्ची कड लपते, टीप नव्हे. आधी उलट बाजू उलट बाजूला लावून ६ मिमीवर टीप मारायची, माया (टिपेच्या बाहेर सोडलेलं कापड) कापून ३ मिमी करायची, मग कापड पलटून सुलट बाजू आत घ्यायची आणि ९ मिमीवर दुसरी टीप. म्हणजे पहिली ६ आणि दुसरी ९ मिळून नेहमीची १५ मिमी माया बरोबर वापरली जाते. आत बघितलं तर एकही सुटा धागा नाही. पातळ, पारदर्शक कापडाला याहून सुंदर काही नाही. जाड कापडाला नको, दोरीसारखी उभी राहते.

कातरवेळ विचारतेय ते हेमबद्दल, तिथे टाकाच लपवायचा आहे.

रेशीमगाठ

तिसरा प्रकारही राहिला. कमरपट्टी बसवताना सुलट बाजूने आधीच्या शिवणीच्या खाचेत बरोबर टीप मारतात, ती खाचेत बुडून जाते. त्यालाही मी लपलेली शिवणच म्हणते. त्याच्या फुटालाही मधोमध पट्टी असते, ती खाचेत फिरते.

कातरवेळ

थांबा, म्हणजे मधोमध पट्टी असलेले दोन वेगळे फूट असतात? माझ्याकडे कुठला आहे मग?

रेशीमगाठ

खाचेच्या फुटाची पट्टी पक्की असते, हलत नाही. तुझ्याकडे स्क्रू आहे म्हणजे तो ब्लाइंड हेमचाच. काही ब्लाइंड हेम फुटांना पट्टीशिवाय एक बारीक आडकाठीही असते. उडीचा टाका तिच्यावरून पडतो आणि फूट पुढे सरकला की मोकळा होतो, त्यामुळे तो आपोआपच ढिला बसतो. तुझ्या फुटाला तशी असेल तर ताण फार कमी करायला लागणार नाही.

धावदोरा

माझं मत अजूनही हातशिलाई! नुसतं बोलत नाही, कारण देतो.

हाताने हेम घालताना मी दुमडीची कड थोडी मागे वळवून तिच्या आतल्या बाजूने टाके घालतो. एक टाका दुमडीत, एक मुख्य कापडात, मुख्य कापडाचा एकच धागा, आणि दोरा कधीही ओढून ताणत नाही. मशीनला कळत नाही की इथे कापड जरा विरळ विणलंय आणि तिथे घट्ट. बोटाला कळतं. तलम रेशीम, साटीन अशा कापडांवर मशीनचा टाका मी तरी बघवून घेऊ शकत नाही. साटीनवर प्रत्येक खळीत उजेड वेगळा पडतो आणि ठिपके मोजता येतात.

काजबटण

साटीनबद्दल पूर्ण सहमत. मशीनच्या अदृश्य हेमसाठी लोकर सगळ्यात चांगली. तिच्या धाग्यांना लव असते आणि टाका त्या लवेत बुडतो. जाडसर, खरखरीत विणीचं कापडही माफ करतं. गुळगुळीत, घट्ट विणीचं, चमकणारं कापड अजिबात माफ करत नाही. म्हणजे कातरवेळ यांचं कापड मुळात सोपं आहे, पेपर अवघड नाही.

उसवण

@धावदोरा, हाताने सगळं छानच होतं हो, पण माझे सहा पडदे आहेत आणि एकेकाचा खालचा काठ अडीच मीटर. पंधरा मीटर हेम हाताने घालायचं म्हणजे पडदे लागेपर्यंत ऋतू बदलेल!

धावदोरा

पंधरा मीटर असेल तर मी शस्त्रं खाली ठेवतो. सुईसुद्धा. :)

रेशीमगाठ

उसवण, पडद्यांसाठी मशीनच. मी घरातले सगळे पडदे असेच केले. दोन गोष्टी सांगते.

पडदा आधी वरून पूर्ण शिवून टांग आणि दोन-तीन दिवस तसाच लटकू दे. खाली फक्त टाचण्या. जड कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, कधी एक सेंमी, कधी दोन. आधीच हेम घातलंस तर ते नंतर जमिनीवर लोळतं, आणि सगळीकडे सारखंही उतरत नाही. लटकलेल्या अवस्थेतच जमिनीपासून मोजून खुणा कर.

दुसरं म्हणजे पडद्याची दुमड रुंद आणि दुहेरी ठेव, ८-१० सेंमी. वजनाने पडदा सरळ पडतो आणि कच्ची कडही आत जाते. टाक्याची लांबी थोडी वाढव, म्हणजे उडीचे टाके लांब लांब पडतील. पडद्याला दर दीड सेंमीला एक पुरतो.

उसवण

दोन-तीन दिवस लटकवायचं! मी कापलं की लगेच हेम घालून मोकळी. आता कळलं मधला पडदा का लोळतोय. रेशीमगाठ, मनापासून धन्यवाद.

माया_सोडलेली

माझ्याकडे काळं जुनं पायमशीन आहे, फक्त सरळ टीप मारणारं. मला हे कधीच जमणार नाही का? वाचताना हात शिवशिवतायत.

काजबटण

जमतं. सरळ टिपेच्या मशीनसाठी झिगझॅगची वेगळी जोडणी मिळते. ती फुटाच्या जागी बसते आणि तिचा एक दांडा सुईच्या खिळ्यावर टेकतो. गंमत अशी की ती सुई हलवत नाही, हलवू शकतच नाही. सुई वर असताना ती कापडालाच डावी-उजवीकडे सरकवते. काही जोडण्यांमध्ये ब्लाइंड टाक्याचीही सोय असते. ही जोडणी बसवताना खालच्या दात्यांवर झाकणपट्टी लावावी लागते किंवा दाते खाली करावे लागतात, कारण कापड पुढे नेण्याचं कामही तीच करते.

जोडणी नसेल तर धावदोरा यांच्या रांगेत बसा आणि हाताने घाला. मी सरळ टिपेवर चार टाके घालून, फूट उचलून, कापड सरकवून एक टाका घडीत, असंही करून बघितलंय. होतं, पण हातच जास्त भरभर चालतो.

माया_सोडलेली

जोडणी शोधतेच. काका, खूप आभार.

अनुस्वार

अवांतर: झिगझॅगचा विषय निघालाच आहे म्हणून. दुहेरी दोऱ्याच्या टाक्याच्या मशीनसाठी एलियास होवेचं पेटंट १८४६ चं, पण झिगझॅग टाक्याच्या मशीनचं पेटंट मिळालं १८७३ साली, हेलन ब्लँचर्ड या अमेरिकन बाईंना. म्हणजे कातरवेळ यांच्या मशीनमधली ती डावीकडची उडी त्या बाईंच्या कामाशी जोडलेली आहे. आज शिवताना त्यांची आठवण काढा.

रेशीमगाठ

किती छान माहिती! हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं.

सुलट_बाजू

माझा प्रश्न: टी-शर्टसारखं ताणणारं कापड असेल तर? मी साध्या ब्लाइंड टाक्याने एका निटच्या स्कर्टचं हेम घातलं. पहिल्यांदा अंगात घालताना कटकट आवाज आले आणि दोरे तुटले.

टीपकागद

ताणणाऱ्या कापडासाठी वेगळं चित्र असतं. त्यात सरळ टाक्यांच्या जागी बारीक नागमोडी टाके असतात आणि मध्येच मोठी उडी. त्या नागमोडीत थोडा जास्तीचा दोरा राहतो, म्हणून कापड ताणलं की टाकाही ताणला जातो. साध्या टाक्यातल्या सरळ रेषेला ताणायला काही शिल्लकच नसतं, ती तुटणारच.

सुईही गोल टोकाची घे. धारदार टोक निटचे फास कापतं, गोल टोक त्यांच्यामधून वाट काढतं.

सुलट_बाजू

आणि घेरदार स्कर्ट? खालची कड वरच्यापेक्षा मोठी, दुमड वळवली की चुण्याच चुण्या.

टीपकागद

दुमड अरुंद ठेव, २ सेंमीच्या वर नको. दुमडीच्या कडेला ५ मिमी लांबीची मोठी टीप मार आणि तिचा एक दोरा हलकेच ओढून कड जवळ घे, जेवढं जास्तीचं आहे तेवढंच. मग वाफेच्या इस्त्रीने दाब. लोकरीचं कापड त्यात बरंच आवळून बसतं. तिरक्या धाग्यावर कापलेला घेर असेल तर रेशीमगाठने पडद्याचं सांगितलं तसंच, किमान एक दिवस लटकव.

धावदोरा

कुणी पारदर्शक दोऱ्याबद्दल का बोलत नाहीये? रंग जुळवायची भानगडच नाही.

काजबटण

मीच बोलतो. नायलॉनचा पारदर्शक दोरा गरम इस्त्रीखाली वितळतो, आणि हेमवर इस्त्री फिरतेच. पॉलिएस्टरचा पारदर्शक दोरा उष्णता जास्त सोसतो. पण दोन्ही मासेमारीच्या दोऱ्यासारखे ताठ असतात, टोकं टोचतात आणि उजेडात चमकतात. पडद्याला ठीक. पँटच्या आत पायाला टोचणारं टोक मला नको वाटतं.

त्यापेक्षा बारीक दोरा घ्या. रिळावर टिकिट नंबर लिहिलेला असेल तर १२० चा दोरा १०० च्या दोऱ्यापेक्षा बारीक. आणि रंग नेमका मिळाला नाही तर एक छटा गडद घ्यावा, फिका नको. फिका दोरा ठिपका म्हणून उठतो, गडद दोरा सावलीसारखा कापडात जातो. रिळावर गुंडाळलेला दोरा गडद भासतो, म्हणून दुकानातच एक पदर सोडवून कापडावर आडवा ठेवून बघावा.

कातरवेळ

मी परत आले!

तुकड्यांवर बसले होते. टीपकागदताई, तुकडे फेकले नव्हते.

आधी जुनीच सुई ठेवून फक्त ताण कमी केला. खळ्या गेल्या, ठिपके तसेच. मग ७० ची सुई घातली. ठिपके निम्मे झाले. मग चाक हाताने फिरवत सुई उडीला आणली आणि जवळून बघितलं, तर सुई घडीत चांगली दीड मिमी आत जात होती. आठवडाभर मी टाक्याच्या रुंदीशी खेळत होते आणि त्या स्क्रूला हातही लावला नव्हता. पट्टी डावीकडे घेतली, पुन्हा चाक फिरवलं. आता सुई घडीला नुसती चाटून जाते. सुईच्या टोकावर एक राखाडी धागा उचललेला दिसला, मला तो क्षण फार आवडला.

चौथ्या तुकड्यावर सुलट बाजूला काही दिसेना. खिडकीशी नेऊन तिरका धरला तेव्हा कुठे एक-दोन जागा सापडल्या.

मग पँटचा उजवा पाय घेतला. सगळं सुरळीत, पण बाजूच्या शिवणीशी आलं की घोळ. तिथे कापडाचे इतके थर आहेत की फूट चढतो, घडी पट्टीपासून सुटते आणि दोन्ही शिवणींजवळ तीन-तीन टाके रिकामे गेले. दुसरं असं की दुमडीची कड पायाच्या घेरापेक्षा तोकडी पडतेय, ओढूनताणून बसवावी लागली. हे का?

टीपकागद

वा! चाक हाताने फिरवून बघितलंस, तिथेच काम झालं.

थरांसाठी: दुमडीच्या आत जाणाऱ्या भागात शिवणीची माया दोन्ही बाजूंनी निम्मी कापून टाक, फक्त दुमडीच्या घडीपर्यंत, त्याच्या वर नको. माया उघडून दाब. तरी फूट तिरका झाला तर त्याच्या मागे, टाचेखाली, पुठ्ठ्याची दुहेरी घडी सरकव. फूट सपाट राहिला की घडी पट्टीला धरून राहते. आणि शिवणीवर वेग अगदी कमी, हवं तर चाकानेच चालव.

काजबटण

तोकड्या दुमडीचं मी सांगतो. पँट खाली निमुळती आहे ना? दुमड वर वळली की ती पायाच्या रुंद भागाशी येते, पण स्वतः अरुंद भागातून आलेली असते. म्हणून पुरत नाही. दुमडीच्या भागात दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवा आणि खाली जाताना किंचित बाहेर फाकवून पुन्हा टीप मारा, घडीच्या रेषेपासून आरशात दिसावं तसा उलटा उतार. माया तेवढी नसेल तर आतल्या मांडीकडची शिवण दुमडीपुरती उघडीच ठेवा, आतून दिसतं, बाहेरून नाही.

रेशीमगाठ

आणि शेवटच्या इस्त्रीचं विसरू नकोस. दुमड आणि पँटचं कापड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकव, उलट बाजूने, ओलसर फडक्यावरून दाब. कागद नसला तर दुमडीच्या कडेची रेघ सुलट बाजूला उमटते आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची.

कातरवेळ

कागदाची पट्टी, पुठ्ठ्याची घडी, उसवलेल्या शिवणी. सगळं लिहून घेतलं. उद्या सकाळी उजेडात बसते.

उसवण

फोटो टाक गं! माझे पडदे आजपासून लटकलेत.

कातरवेळ

झाले दोन्ही पाय.

काजबटण काकांनी सांगितलं तशा दुमडीतल्या शिवणी फाकवल्या आणि कड अशी निवांत बसली की टाचण्याही कमी लागल्या. थरांवर पुठ्ठा ठेवला, एकही टाका रिकामा गेला नाही. कागद घालून दाबलं.

पँट घालून आरशासमोर उभी राहिले, मग बहिणीला हेम कुठे शिवलंय ते शोधायला सांगितलं. ती गुडघ्यावर बसून बोटाने चाचपत शोधत होती. शेवटी डाव्या पायाला एक ठिपका तिने काढलाच, शिवणीच्या शेजारी. तो मी तसाच ठेवलाय.

@धावदोरा, रेशमी ओढणी शिवायला काढली की हातशिलाईचं तुम्हालाच विचारणार आहे.

धावदोरा

जरूर. तोवर बारीक सुई घेऊन ठेवा, तिचं नेढं इतकं लहान असेल की ओवायला दुसरं कुणीतरी लागेल.

उसवण

रेशीमगाठ, दुसऱ्या दिवशी मोजलं. मधला पडदा १.५ सेंमी उतरलाय आणि कडेचे दोन काहीच नाही. अजून एक दिवस थांबू का?

रेशीमगाठ

थांब. उद्या याच वेळी परत मोज आणि आकडा तोच आला तर खुणा कर.